मिडवे, जून १९४२: 'ती पाच मिनिटे' आणि त्याआधीचे तीन आठवडे

दर्यासारंग
पॅसिफिकमधल्या मिडवे बेटापाशी जपान आणि अमेरिका यांच्यात झालेल्या लढाईचे एक चित्र मराठीत आणि इतरत्रही वर्षानुवर्षे रंगवले गेले आहे. ४ जूनच्या सकाळी दहा वीसची वेळ. चारही जपानी विमानवाहू नौकांच्या डेकवर विमाने इंजिने सुरू करून उभी आहेत, पाच मिनिटांत हल्ला निघणार आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर (उंचावरून खाली झेपावून बॉम्ब टाकणारी विमाने) कोसळतात. पाच मिनिटांनी जपानचे दैव फिरले. हे चित्र मुख्यतः फुचिदा या जपानी वैमानिक अधिकाऱ्याच्या युद्धानंतरच्या लिखाणातून पसरले, आणि जपानी जहाजांच्या उड्डाण-अवतरणाच्या नोंदींपुढे ते टिकत नाही. म्हणून हा धागा. नशीब होतेच, पण ते कुठे आणि किती, याचा हिशेब घड्याळ लावून करता येतो.

आधी डेकचे काम समजून घेऊ. जपानी नौकेत विमानात इंधन आणि दारूगोळा भरण्याचे बहुतेक काम खालच्या बंद हँगरात होई. टॉर्पेडो नेणारी 'केट' विमाने हँगरातच सज्ज होत. 'व्हॅल' डाइव्ह बॉम्बरांना बॉम्ब बहुधा वर डेकवर आणल्यावर लावत. हल्ला पाठवायचा तर एकेक विमान लिफ्टने वर आणायचे, मागच्या बाजूला ओळीने लावायचे, पंख उघडायचे, चाकांना अडण्या द्यायच्या, इंजिने पंधरा मिनिटे तापवायची. एकूण चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. या काळात त्या डेकवर दुसरे विमान उतरू शकत नाही.

आता घड्याळ, मिडवेच्या स्थानिक वेळेनुसार. साडेचारला जपानी विमानवाहू ताफ्याचा प्रमुख नागुमो याने १०८ विमाने मिडवे बेटावर पाठवली आणि उरलेली तेवढीच जहाजांवरच्या हल्ल्यासाठी राखून ठेवली. सातला त्या हल्ल्याचा प्रमुख तोमोनागा याचा संदेश आला की बेटावर दुसरा हल्ला लागेल. पाठोपाठ बेटावरून आलेली अमेरिकन विमाने नागुमोच्या डोक्यावर येऊन गेली. त्यांतले एक बी-२६ बॉम्बर तर नागुमोच्या 'अकागी' नौकेच्या ब्रिजला थोडक्यात हुकून समुद्रात पडले. सव्वासातला हुकूम सुटला, की केट विमानांचे टॉर्पेडो काढा आणि जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावा. ७:२८ ला 'तोने' क्रूझरच्या टेहळणी विमानाने दहा शत्रुजहाजे दिसल्याचे कळवले. पावणेआठला हुकूम फिरला. त्या ताफ्यात विमानवाहू नौका आहे हे कळायला ८:२० उजाडले.

शस्त्रबदल हे बोलण्याइतके सोपे काम नव्हते. टॉर्पेडो आणि ८०० किलोचा बॉम्ब यांना विमानाच्या पोटाखाली वेगवेगळी पकड लागते, म्हणजे आधी टॉर्पेडो उतरवायचा, मग पकड बदलायची, मग बॉम्ब चढवायचा. वाहायच्या गाड्या मोजक्या, म्हणून विमाने तुकड्यातुकड्यांनी घ्यावी लागत. उतरवलेला माल खाली कोठारात नेणारे उच्चालक वर येणाऱ्या मालात गुंतलेले. म्हणून तो हँगरच्या कडेलाच मांडून ठेवला जाई. पूर्ण बदलाला दीड ते दोन तास लागत.

ताफ्यातल्या 'हिर्यू' नौकेवरून यामागुची या दुय्यम सेनाधिकाऱ्याने सुचवले होते की असतील तशी विमाने ताबडतोब पाठवा. पण ८:३० ला बेटावरून परतलेली १०० च्या आसपास विमाने डोक्यावर घिरट्या घालत होती, इंधन संपत आलेले, काहींत जखमी वैमानिक. हल्ल्यासाठी डेक भरला असता तर ती समुद्रात गेली असती. शिवाय सोबत द्यायला झिरो ही लढाऊ विमाने हाताशी नव्हती, ती सगळी ताफ्याच्या पहाऱ्यावर. नागुमोने आधी उतरवून घेण्याचा निर्णय घेतला आणि सव्वानऊपर्यंत ते काम चालले. त्याला मूर्ख ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्यापुढे त्या वेळी चांगला पर्यायच उरलेला नव्हता; ती कोंडी योजनेने केली होती.

सव्वानऊनंतर पाऊण तास मोकळा मिळता तर साडेदहाचा हल्ला निघाला असता. तो मिळालाच नाही. अमेरिकन टॉर्पेडो विमाने लाटेमागून लाट येत राहिली आणि पहाऱ्यावरच्या झिरोंना सारखे उतरवून, गोळ्या भरून, पुन्हा उडवावे लागले. त्या झिरोच्या २० मिमी तोफेला प्रत्येकी ६० च गोळ्या. काही सेकंदांच्या माऱ्यात त्या संपत. डेक त्यातच अडकून राहिला. १०:२० ला वर होती ती मुख्यतः पहाऱ्याची झिरो. हल्ल्याची विमाने हँगरातच होती, टाक्या भरलेल्या, शस्त्रे लावलेली, आणि काढलेले बॉम्ब भिंतीशी रचलेले. बॉम्ब डेक फोडून तिथे फुटले म्हणून ती जहाजे वाचली नाहीत.

पाच मिनिटांचे चित्र मागे पडले की खरा प्रश्न दिसतो. अमेरिकेच्या तीन नौका त्या सकाळी तिथे होत्या कशा?

रेडिओमास्तर
उत्तम मांडणी. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा पहिला भाग मी घेतो. 'अमेरिकेने जपानी संकेतलिपी फोडली आणि सगळे वाचले' असे सरसकट म्हटले जाते. काम त्याहून बरेच कष्टाचे होते.

जपानी नौदलाच्या या पद्धतीला अमेरिकन जेएन-२५ म्हणत. प्रत्येक शब्दाला किंवा शब्दसमूहाला पाच अंकी आकडा. त्या आकड्यात दुसऱ्या पुस्तकातला एक पाच अंकी आकडा मिळवायचा, तोही हातचा न धरता, आणि मग संदेश पाठवायचा. म्हणजे फोडणाऱ्याला आधी मिळवलेला आकडा वजा करावा लागे, तेव्हा कुठे मूळ आकडा हाती येई, आणि त्याचा अर्थ तरीही ठाऊक नसे. पर्ल हार्बरच्या तळघरात जोसेफ रोशफोर्टची तुकडी हे काम पंचकार्डांच्या आयबीएम यंत्रांवर करत होती. मे १९४२ मध्येही एखाद्या संदेशाचा काही भागच वाचता येई. बाकीची भर कोण कोणाशी, किती वेळा, कुठून बोलतो यावरून.

जपानी संदेशांत हल्ल्याचे ठिकाण म्हणून येणारे 'एएफ' म्हणजे कुठले, यावर वॉशिंग्टनचे कार्यालय आणि रोशफोर्ट यांच्यात वाद होता. तेव्हा रोशफोर्टचा सहकारी जॅस्पर होम्स याच्या सूचनेवरून मिडवेला समुद्राखालच्या तारेने कळवण्यात आले की 'आमचे पाणी गोडे करण्याचे यंत्र बंद पडले' असा संदेश उघड्या भाषेत रेडिओवरून पाठवा. तारेवरचा हुकूम जपानी ऐकू शकत नव्हते, रेडिओ ऐकत होते. थोड्याच वेळात जपानी संदेशात आले की 'एएफ'वर गोड्या पाण्याची टंचाई आहे. वाद मिटला.

वेळ किती थोडा होता तेही लक्षात घ्या. जपानची नवी संकेतपुस्तके १ मेपासून वापरात यायची होती, पण एवढ्या पसरलेल्या आरमाराला ती वाटून पूर्ण होईनात आणि बदल मेअखेरपर्यंत लांबला. बदल झाला आणि अमेरिकन कान बंद झाले; तोवर काम उरकले होते. पॅसिफिकमधल्या अमेरिकन ताफ्याचा प्रमुख निमित्झ याच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने, एडविन लेटनने, आधीच सांगून ठेवले की शत्रू वायव्येकडून, ३२५ अंशांवरून येईल आणि सकाळी सहाला मिडवेपासून १७५ सागरी मैलांवर दिसेल. प्रत्यक्ष बातमी आल्यावर निमित्झने हिशेब केला: पाच मिनिटे, पाच अंश आणि पाच मैलांचा फरक.

नाखवा
दुसरा भाग गोदीचा. 'यॉर्कटाऊन' या अमेरिकन विमानवाहू नौकेला ८ मे रोजी कोरल समुद्राच्या लढाईत बॉम्ब लागला होता. तो फ्लाइट डेक भेदून बरेच मजले खाली फुटला. शिवाय अगदी जवळ पाण्यात पडलेल्या बॉम्बांनी तळाचे सांधे उचकटून तेल गळत होते. नीट दुरुस्तीला तीन महिने लागतील असा अंदाज. २७ मे रोजी ती पर्ल हार्बरला पोचली आणि पर्लच्या सुक्या गोदीत गेली. गोदीतले पाणी पुरते उपसलेले नसताना निमित्झ गमबूट घालून तळाखाली उतरला आणि म्हणाला की ही नौका तीन दिवसांत हवी.

सुमारे १४०० कामगार रात्रंदिवस खपले. सगळे दुरुस्त करण्याचा प्रयत्नच झाला नाही. तळ बंद करायचा, फ्लाइट डेक चालू करायचा, आतले खचलेले कप्पे लाकडी टेकू आणि पोलादी पत्रे लावून उभे ठेवायचे. निकामी बॉयलरांना हात लावला नाही, म्हणून २७ नॉटच्या (ताशी २७ सागरी मैलांच्या) वर वेग मिळणार नव्हता. तो चालवून घेतला. २९ ला ती गोदीबाहेर आणि ३० ला समुद्रात, आत कामगार अजून जोडकाम करत असताना.

याच्या शेजारी जपानची 'झुइकाकू' ही विमानवाहू नौका ठेवून बघा. कोरल समुद्रात तिला ओरखडाही आला नव्हता, फक्त तिची बरीच विमाने आणि वैमानिक गेले होते. तिची जोडीदार 'शोकाकू' जखमी होती, पण तिच्याकडे वाचलेले वैमानिक होते. दोघींचे मिळून एक पथक उभे करून झुइकाकू मिडवेला नेता आली असती. नेली नाही, कारण जपानी पद्धतीत हवाई पथक जहाजाचेच असे. पथक मोडले की जहाज घरी. अमेरिकनांनी यॉर्कटाऊनवर 'साराटोगा' या दुसऱ्या नौकेची तीन पथके बिनदिक्कत चढवली. एकीकडे फुटके जहाज आणि उसनी विमाने लढायला निघाली, दुसरीकडे धडधाकट जहाज बंदरात थांबले. मला विचाराल तर मिडवेचा निकाल इथेच अर्धा लागला.

वाचनमात्र
छान चाललेय. एक शंका. टॉर्पेडो विमानांच्या बलिदानामुळे झिरो खाली ओढली गेली आणि वरचे आकाश मोकळे झाले, असे नेहमी वाचतो. ते खरे की तेही फुचिदाच्या चित्रासारखेच?

दर्यासारंग
निम्मे खरे. अमेरिकेच्या 'हॉर्नेट' नौकेवरच्या वॉल्ड्रनची १५ डेव्हास्टेटर टॉर्पेडो विमाने साडेनऊच्या आत आली. १५ च्या १५ पडली, ३० जणांतून एकटा जॉर्ज गे वाचला. त्यानंतर 'एंटरप्राइझ' या तिसऱ्या अमेरिकन नौकेची १४, आणि शेवटी यॉर्कटाऊनची १२. वॉल्ड्रनचा हल्ला संपून डाइव्ह बॉम्बर येईपर्यंत पाऊण तास गेला. एवढ्या वेळात झिरो पुन्हा वर चढू शकते. म्हणून त्या १५ विमानांनी झिरो खाली खेचून ठेवली हे घड्याळात बसत नाही. त्यांनी जे केले ते वर लिहिले आहे: डेक अडवून धरला आणि नौकांना सतत वळायला लावले.

झिरोंचे लक्ष खरेच वेधले ते यॉर्कटाऊनच्या गटाने. त्याच्या सोबत जिमी थॅचची सहा वाइल्डकॅट लढाऊ विमाने होती आणि ती त्या दिवशी पहिल्यांदाच युद्धात त्याची विणकाम पद्धत वापरत होती: दोन विमाने शेजारी उडतात, मागे शत्रू लागला की दोघे एकमेकांच्या दिशेने वळतात, आणि पाठलाग करणारा दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. संथ वाइल्डकॅटने चपळ झिरोला तोंड देण्याचा तो उपाय. बरीच झिरो आग्नेयेला त्या गटाच्या मागे लागली. जपानी ताफ्यात रडार नव्हते, विमानातले रेडिओ खराब, म्हणून पहारा वाटून देणारे कोणी नाही; जिकडे धूर दिसेल तिकडे सगळे. तेवढ्यात वर १५ हजार फुटांवर दोन दिशांनी डाइव्ह बॉम्बर पोचले.

डेव्हास्टेटरचा दोष विमानापेक्षा टॉर्पेडोचा जास्त. मार्क १३ टॉर्पेडो सुमारे ५० फूट उंचीवरून आणि ११० नॉटच्या आतच टाकावा लागे, नाहीतर पाण्यावर आपटून बिघडे. म्हणजे भरलेल्या झिरोंसमोर सरळ रेषेत, संथ, पाण्यालगत मिनिटामागून मिनिटे. जपानी टाइप ९१ त्याहून बऱ्याच वेगात आणि उंचीवरून टाकता येई. ४१ विमाने हल्ल्याला गेली, एकही टॉर्पेडो लागला नाही.

बखरवाला
इथवर पटते. पण तुम्ही नशीब फारच कमी करून दाखवताय. मॅक्लस्कीचे काय? तो एंटरप्राइझची डाइव्ह बॉम्बर घेऊन निघाला, शत्रू असायला हवा तिथे पोचला तर समुद्र रिकामा, कारण नागुमो ९:१७ ला ईशान्येला वळला होता. ९:५५ ला त्याला एकटी विनाशिका जोरात धावताना दिसली. ती 'अराशी', 'नॉटिलस' पाणबुडीवर पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकण्यासाठी मागे राहिलेली आणि आता ताफा गाठायला निघालेली. तो तिच्या दिशेने वळला आणि ताफा सापडला. पाणबुडी तिथे नसती, विनाशिका मागे राहिली नसती, तर? हॉर्नेटची डाइव्ह बॉम्बर तर शत्रूपर्यंत पोचलीच नाहीत, आणि सोबतची दहाही वाइल्डकॅट इंधन संपून समुद्रात पडली. अमेरिकेच्या तीन गटांपैकी एक पूर्ण वाया. याला तयारी म्हणायचे?

दर्यासारंग
मॅक्लस्कीला अराशी दिसणे हे नशीब, मान्य. पण नॉटिलस तिथे नशिबाने नव्हती. निमित्झने मिडवेच्या पश्चिमेला पाणबुड्यांची फळी लावली होती, आणि तिचा कप्तान ब्रॉकमन पहाटेपासून मार खाऊनही नागुमोच्या मधोमध घुसत राहिला. जपाननेही पर्ल हार्बर आणि मिडवेच्या मध्ये पाणबुड्यांची फळी ठरवली होती. ती जागेवर पोचेपर्यंत अमेरिकन नौका पुढे निघून गेल्या होत्या. फ्रेंच फ्रिगेट शोल्सवर इंधन घेऊन पर्ल हार्बर पाहून यायची उडत्या नौकांची (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची) योजना होती. तिथे अमेरिकन जहाजे आधीच उभी दिसली म्हणून ती सोडून दिली. सोडल्यावर पर्याय ठेवला नाही. टेहळणीला जपानची सात विमाने, आणि बेटावरून अमेरिकनांच्या वीसेक कॅटालिना उडत्या नौका. दोन्ही बाजूंनी फासे टाकले. एकाने जास्त वेळा टाकले.

हॉर्नेटचे तुमचे बरोबर आहे. तिथे पथकप्रमुखाने चुकीचा मार्ग धरला आणि वॉल्ड्रन त्याच्याशी वाद घालून आपली विमाने वेगळी घेऊन थेट शत्रूवर गेला. एंटरप्राइझवरही विमाने उडवायला इतका वेळ लागला की पावणेआठला एंटरप्राइझ-हॉर्नेट गटाचा प्रमुख स्प्रूअन्स याने मॅक्लस्कीला सांगितले, कोणाची वाट पाहू नको, निघ. तिघींत एकट्या यॉर्कटाऊनला ते जमले: संथ टॉर्पेडो विमाने आधी पुढे, डाइव्ह बॉम्बर नंतर, लढाऊ विमाने शेवटी, आणि एकमेकांना वाटेत गाठायचे. कोरल समुद्रात शिकलेले होते ते.

तरी तिथेही बिघाड झालाच. यॉर्कटाऊनच्या लेस्लीच्या १७ डाइव्ह बॉम्बरांत बॉम्ब सज्ज करायची नवी विजेची कळ बसवली होती. वाटेत कळ दाबली आणि सज्ज होण्याऐवजी बॉम्ब सुटून समुद्रात पडला. लेस्लीसकट चार विमानांचे असे झाले. बाकीच्यांना रेडिओवरून सांगून तो बॉम्बशिवायच सर्वांत पुढे 'सोर्यू' या जपानी नौकेवर झेपावला, नुसत्या मशिनगन घेऊन. १३ बॉम्बांपैकी तीन लागले, ते पुरले.

झेप कशी असते तेही सांगतो. डॉन्टलेस या अमेरिकन डाइव्ह बॉम्बरचे पंखांमागचे फ्लॅप भोकाभोकांचे असतात. ते उघडले की ७० अंशांच्या झेपेतही वेग आवाक्यात राहतो आणि विमान थरथरत नाही. दीड-दोन हजार फुटांवर बॉम्ब सोडायचा. पोटाखालचा बॉम्ब एका झुलत्या दांड्यावर असतो, तो पुढे फेकला जाऊन पंख्याच्या टप्प्याबाहेर सुटतो. मॅक्लस्की मूळचा लढाऊ विमानांचा वैमानिक होता. दोन पथकांनी दोन नौका वाटून घ्यायच्या हा नियम त्याच्याकडून पाळला गेला नाही आणि दोन्ही पथके 'कागा' या जपानी नौकेवर तुटून पडली. त्यांतल्या एका पथकाचा प्रमुख रिचर्ड बेस्ट याने शेवटच्या क्षणी झेप आवरली आणि उरलेले दोन साथी घेऊन अकागी धरली. तीन विमाने, तीन बॉम्ब, लागला एक. तो मधल्या लिफ्टपाशी डेक फोडून हँगरात फुटला. नागुमोचे ध्वजजहाज त्या एका बॉम्बने गेले.

नाखवा
एका ४५० किलोच्या बॉम्बने एवढे जहाज जाते आणि यॉर्कटाऊन तीन बॉम्ब खाऊन पुन्हा चालते, हा फरक नीट मांडायला हवा.

हिर्यूच्या १८ व्हॅल विमानांपैकी जी पोचली त्यांनी दुपारी बाराच्या सुमारास यॉर्कटाऊनला तीन बॉम्ब मारले. एक धुराड्यात गेला आणि बॉयलर विझले, जहाज थांबले. पण हल्ला रडारवर आधीच दिसला होता. तेवढ्या वेळात पेट्रोलचे नळ रिकामे करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला. ही कल्पना तिच्यावरच्याच ऑस्कर मायर्सची. मागच्या बाजूचा ८०० गॅलनचा सुटा टाका समुद्रात ढकलला. डेकच्या भोकांवर लाकूड आणि पत्रे टाकले, बॉयलर पेटवले, आणि दोन तासांच्या आत ती १९-२० नॉटने धावत होती. तोमोनागाची टॉर्पेडो विमाने आली तेव्हा त्यांनी तिला दुसरीच, धड नौका समजून पुन्हा तिच्यावरच हल्ला केला. त्या फेऱ्यात एंटरप्राइझ आणि हॉर्नेट वाचल्या. संध्याकाळी पाचला एंटरप्राइझवरून निघालेल्या डाइव्ह बॉम्बरांनी, ज्यांत यॉर्कटाऊनचीही विमाने होती, हिर्यू पेटवली.

जपानी नौकांत हँगर दोन मजली आणि बंद. स्फोटाचा दाब बाहेर पडायला वाट नाही, पेटलेले विमान कडेने समुद्रात ढकलायला वाट नाही. पेट्रोलच्या नळांत कार्बन डायऑक्साइड भरायची सोय नाही. आग विझवणे हे ठरावीक तुकडीचे काम. ती तुकडी पहिल्या स्फोटात गेली की बाकीच्यांना पंप कुठला आणि झडप कुठली हे ठाऊक नसे. अमेरिकन जहाजांवर ते काम जवळपास प्रत्येकाला शिकवलेले असे.

वैमानिकांबद्दलही एक गैरसमज आहे. मिडवेला जपानचे सगळे कसलेले वैमानिक बुडाले असे लिहितात. गेले सुमारे ११०, त्यांत हिर्यूचे सर्वाधिक. बाकीचे वाचवले गेले. भरून न येणारी हानी खाली हँगरात झाली: ७०० च्या वर विमान-तंत्रज्ञ एका दिवसात गेले. जिथे साध्या शेतकरी घरातल्या मुलाला ट्रॅक्टरसुद्धा माहीत नव्हता तिथे असा हात तयार करायला वर्षे लागत.

पाणबुडीवाला
नॉटिलसचा विषय निघालाच आहे तर पुढचा भाग. त्याच दुपारी ब्रॉकमनने पेटलेल्या कागावर चार टॉर्पेडो सोडायला घेतले. एक नळीतून सुटलाच नाही, दोन चुकले, एक बरोबर मध्यावर लागला आणि फुटलाच नाही. आपटून त्याचे दोन तुकडे झाले. स्फोटकाचे डोके बुडाले आणि हवेची टाकी तरंगत राहिली. पाण्यात पडलेल्या जपानी खलाशांनी तीच धरून जीव वाचवला.

हा एका टॉर्पेडोचा दोष नव्हता. अमेरिकन पाणबुड्यांच्या मार्क १४ टॉर्पेडोत एकावर एक तीन दोष होते आणि पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता.

पहिला, खोली. लावलेल्या खोलीपेक्षा टॉर्पेडो दहाएक फूट खालून जाई. चाचण्या हलक्या सरावाच्या डोक्याने झाल्या होत्या, खरे डोके जड. शिवाय पाण्याचा दाब मोजणारी झडप शेपटाकडे निमुळत्या भागात होती, आणि धावताना तिथला दाब कमी भरतो, म्हणून यंत्राला वाटे आपण उथळ आहोत. पाणबुडी कप्तान ओरडत राहिले, नौदलाचे शस्त्रास्त्र खाते म्हणत राहिले की नेम चुकतो. जून १९४२ मध्ये तिथल्या अमेरिकन पाणबुड्यांचा प्रमुख लॉकवुड याने ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ कोळ्यांचे जाळे घेतले, ते समुद्रात उभे सोडले आणि त्यावर टॉर्पेडो सोडले. दहा फुटांवर लावलेल्याने २५ फुटांवर भोक पाडले. ऑगस्टमध्ये खात्याने मान्य केले.

दुसरा, चुंबकीय स्फोटक यंत्रणा. जहाजाच्या तळाखालून जाताना त्याच्या चुंबकीय क्षेत्राने फुटायची ती. पृथ्वीचे क्षेत्र जागोजागी वेगळे असते याचा विचार पुरता झाला नव्हता आणि खऱ्या जहाजावर चाचण्या जवळपास झाल्याच नव्हत्या. खोली दुरुस्त झाल्यावर हे टॉर्पेडो वाटेतच फुटू लागले. जून १९४३ मध्ये निमित्झने ती यंत्रणा बंद करायला लावली.

मग तिसरा उघडा पडला. २४ जुलै १९४३ ला 'टिनोसा' पाणबुडीने 'तोनान मारू ३' हे १९ हजार टनांचे जहाज थांबवले आणि ९०० यार्डांच्या आतून, बरोबर काटकोनात, एकामागून एक टॉर्पेडो मारले. आपटल्याचा आवाज येई, पाणी उडे, स्फोट नाही. कप्तान डॅस्पिटने शेवटचा एक तपासणीसाठी परत आणला. मग हवाईतल्या काहूलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून न फुटलेला बाहेर काढला, आणि क्रेनवरून ९० फुटांवरून रिकामी डोकी पोलादी पत्र्यावर टाकून पाहिली. काटकोनात पडली तर दहापैकी सात निकामी, तिरकी पडली तर बरीच कमी. कारण साधे होते. स्फोटाची खीळ टॉर्पेडोच्या दिशेला आडवी सरकायची होती. आपटल्याच्या धक्क्याने ती मार्गदर्शक खुंट्यांवर इतकी दाबली जाई की पुरेशा वेगाने सरकतच नसे. जुन्या, ३०-३५ नॉटच्या टॉर्पेडोत ही यंत्रणा चालत होती. ४६ नॉटला धक्का जवळपास दुप्पट. म्हणजे पुस्तकात उत्तम म्हणून शिकवलेला काटकोनातला मारा हाच सर्वांत वाईट. तात्पुरता हुकूम निघाला की तिरके मारा. मग पर्लच्या कार्यशाळेत हलक्या मिश्रधातूच्या खिळी बनवल्या. सप्टेंबरअखेर सुधारलेले टॉर्पेडो समुद्रात गेले, युद्ध सुरू होऊन २१ महिने झाल्यावर.

जपानची बुडालेली व्यापारी जहाजे टनांत मोजली तर निम्म्याहून अधिक पाणबुड्यांनी बुडवली. बेटांवरच्या फौजांना तांदूळ, मायभूमीत तेल, कारखान्यांना बॉक्साइट, सगळे त्यांनी तोडले. 'निर्णायक लढाई' म्हणताना ही तारीख नसलेली लढाई विसरू नये.

बखरवाला
हाच माझा मुद्दा होता, मिडवेला 'निर्णायक' म्हणायचे का. मिडवेनंतर दोन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, ग्वाडलकॅनाल बेटावरची लढाई सुरू झाली. ८-९ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटापाशी जपानी क्रूझरांनी अमेरिकेची तीन आणि ऑस्ट्रेलियाची एक क्रूझर बुडवली. सप्टेंबरमध्ये 'वास्प' ही विमानवाहू नौका गेली, ऑक्टोबरमध्ये हॉर्नेट. पॅसिफिकमध्ये अमेरिकेकडे एकटी जखमी एंटरप्राइझ उरली. मिडवे जिंकलेल्या देशाची ही अवस्था. सहा महिन्यांत दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी सुमारे दोन डझन युद्धनौका बुडाल्या.

जपान हरला ते तिथल्या रोजच्या झिजेत. राबाउलच्या जपानी तळाहून ग्वाडलकॅनाल साडेपाचशे सागरी मैलांच्या वर. झिरोने तिकडे जायचे, दहा-पंधरा मिनिटे लढायचे, परत यायचे. गोळी लागली की वाटेत उतरायला जागा नाही. अमेरिकन वैमानिक ग्वाडलकॅनालवरच्या हेंडरसन फील्ड या विमानतळाच्या वर पडला तर संध्याकाळी तळावर. ते नावही मिडवेचेच: लॉफ्टन हेंडरसन ४ जूनला मरीन डाइव्ह बॉम्बर घेऊन नागुमोवर गेला आणि पडला. ऑक्टोबरच्या सांताक्रूझ लढाईत जपानने जहाजे गमावली नाहीत, पण वैमानिक मिडवेहून जास्त गमावले.

नाखवा
कारखान्याचा हिशेबही इथेच येतो. दोन महासागरांच्या नौदलाचा कायदा अमेरिकेने जुलै १९४० मध्येच केला होता, पर्ल हार्बरच्या दीड वर्ष आधी. 'एसेक्स' ही नवी विमानवाहू नौका ३१ डिसेंबर १९४२ ला सेवेत आली, आणि पुढे तिच्या बहिणींची रांग. कायझर या उद्योजकाच्या अमेरिकेतल्या व्हँकुव्हर गोदीने साधारण वर्षभरात ५० छोट्या विमानवाहू नौका बांधून दिल्या. जपानला हे माहीत होते. म्हणूनच जपानी आरमाराचा सेनापती यामामोतो याला १९४२ मध्येच निकाल हवा होता. मिडवेने जपानचा तो वेळ संपवला एवढे नक्की, आणि ग्वाडलकॅनालवर उतरायचे धाडस अमेरिकेला मिडवेमुळेच झाले.

रेडिओमास्तर
आपल्याकडचा एक धागा जोडतो. अकागी, सोर्यू आणि हिर्यू मिडवेच्या दोनच महिने आधी हिंदी महासागरात होत्या. ५ एप्रिलला कोलंबो, ९ ला त्रिंकोमाली. मधल्या ६ तारखेला दुसऱ्या एका जपानी ताफ्याच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले.

५ एप्रिलला नेमके मिडवेचेच नाट्य घडले होते. नागुमोने कोलंबोवर दुसऱ्या हल्ल्यासाठी शस्त्रे बदलायला सांगितली, मग टेहळणीकडून क्रूझर दिसल्याचा संदेश आला, हुकूम फिरला, टॉर्पेडो विमाने वेळेत तयार झाली नाहीत. त्या दिवशी डाइव्ह बॉम्बरांनी एकट्यांनी 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या ब्रिटिश क्रूझर बुडवल्या, म्हणून कोणाला झळ लागली नाही. ९ तारखेला तर नऊ ब्रिटिश ब्लेनहाइम बॉम्बर अकागीच्या डोक्यावर येऊन बॉम्ब टाकेपर्यंत कोणाला दिसली नाहीत. बॉम्ब शेजारी पाण्यात पडले. टेहळणी, शस्त्रबदल, रडारशिवायचा पहारा, तिन्ही उणिवा श्रीलंकेपाशी उघड झाल्या होत्या. ताफा घरी पोचला एप्रिलअखेर, आणि महिन्याभरात मिडवेला निघाला.

वाचनमात्र
शेवटचा प्रश्न. चारही नौका पेटल्यावर स्प्रूअन्सने त्याच रात्री पाठलाग का केला नाही? त्याच्यावर तेव्हा टीका झाली असे वाचले.

दर्यासारंग
झाली. ४ जूनच्या संध्याकाळी त्याच्याकडे दोन नौका, थकलेली आणि घटलेली पथके, आणि एक लेखी हुकूम होता. निमित्झने निघण्याआधी त्याला आणि यॉर्कटाऊन गटाचा प्रमुख फ्लेचर याला बजावले होते की मोजून जोखीम घ्या: शत्रूचे जास्त नुकसान होईल अशी चांगली शक्यता नसेल तर आपला ताफा पणाला लावू नका. मिडवे बेट गेले तरी परत घेता येईल, नौका परत येणार नाहीत, असा तो हिशेब.

रात्री विमानवाहू नौका आंधळी असते. जपानी विनाशिका आणि क्रूझर रात्रीच्या लढाईसाठी वर्षानुवर्षे घडवलेल्या, आणि त्यांचा टाइप ९३ टॉर्पेडो अमेरिकनांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी दूर जाई. स्प्रूअन्स पूर्वेला वळला, मध्यरात्रीनंतर परत पश्चिमेला आला, म्हणजे पहाटे मिडवेच्या बचावाला हाताशी. त्याच वेळी 'यामातो' या युद्धनौकेवरून यामामोतोने नेमका रात्रीच्या लढाईचाच हुकूम दिला होता आणि जपानी जहाजे पूर्वेला धावत होती. समोर कोणीच सापडेना, तेव्हा ५ तारखेला पहाटे तीनच्या आत त्याने मोहीम रद्द केली.

पाठलाग नंतर झाला, उजेडात. 'मोगामी' आणि 'मिकुमा' या क्रूझर रात्री पाणबुडी चुकवताना एकमेकींवर आदळल्या होत्या. ६ तारखेला विमानांनी मिकुमा बुडवली. त्याच दिवशी यॉर्कटाऊन ओढून नेत असताना आय-१६८ या जपानी पाणबुडीने तिला आणि शेजारच्या 'हॅमन' विनाशिकेला टॉर्पेडो मारले. हॅमन लगेच बुडाली, यॉर्कटाऊन ७ जूनच्या सकाळी.